सहानंतरचे पंखे

सदर भागातल्या छातीच्या डॉक्टरांकडे माधवी नंबरची वाट पाहत बसली होती. आजूबाजूच्या हिंदीत शेजारचे बाप-लेक मराठीत बोलताहेत म्हटल्यावर तिचे कान तिकडेच लागले. मुलीच्या मांडीवर लॅपटॉप होता, वडील सारखे खोकत होते.

“बेटा, नंबर येईपर्यंत तरी ते बंद कर ना.”

“चारपर्यंत नकाशे द्यायचे आहेत, बाबा. नवीन सरकारी बिल्डिंग आहे, ऑफिस आणि लॅब. वर्षभर जितकी वीज जळेल, तितकी छतावरच्या सोलरनंच बनवायची. वजाबाकीचं उत्तर शून्य आलं पाहिजे.”

“मग? येऊन नाही राहिलं का?”

“आत्ता आलं. लॅबमधले धूर ओढणारे पंखेच सगळी वीज खाऊन राहिले होते. हिशोबात ते सहा वाजता बंद करून टाकले.”

“सहाला काहून?”

“सहाला ऑफिस सुटते ना!”

“साहेब लोकांचं सुटते. आमच्या लॅबमध्ये ॲसिडची भांडी मी सहानंतरच धुवायला घ्यायचो. पंखा बंद, खिडकी उघडी. थंडीत तीही बंद.”

“हे तुम्ही कधी सांगितलं नाही.”

“घरी येऊन काय सांगायचं? भांडी धुतली म्हणून?”

आतून हाक आली. “शालिग्राम जी, आइए.”

ते उठले. मुलीनं तोवर फोन लावला होता.

“सर, लॅब के पंखे आठ बजे तक चलेंगे... हाँ सर, मालूम है, ज़ीरो नहीं आएगा. छत पे पैनल बढ़ाने पड़ेंगे... नहीं सर, आठ से पहले नहीं.”

दारापर्यंत गेलेले शालिग्राम खोकत मागे वळले.

“आठ नको बेटा, साडेआठ सांग. शेवटी सिंक पण घासावं लागते.”