काटा आणि आकडे

मिस्त्री: ...म्हणून म्हणतो मावशी, काटा खोटारडा आहे. अगदी अट्टल. मोबाइल समोर अडकवून चालवून बघितली गाडी. मोबाइल म्हणतो चाळीस, हा म्हणतो पन्नास.

सासू: म्हणजे बिघाड आहेच. मी घरी मुलाला तेच सांगत होते. अरे, जुनी गाडी. तू स्वतः इतकी वर्षं पिदडलीस आणि मग बायकोच्या हातात दिलीस. मोडलं असेल काहीतरी.

सून: मीही पहिल्यापासून सांगतेय, आई. मीटर जास्त दाखवतो.

मिस्त्री: जास्त दाखवतो ते बरंच की. माणूस हळू चालवतो. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या बायकोनं तर नवऱ्याच्या गाडीचा काटा मुद्दाम पुढे करून मागितला होता.

सासू: आम्हाला तसलं काही नको. मुलानं मला मुद्दाम सोबत पाठवलंय. म्हणाला, आई, मिस्त्री काय सांगतो ते तुझ्या कानांनी ऐकून ये. हिचं चष्म्याचं दुकान ते घर, जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. त्यानं स्वतः मोजलंय. आणि संध्याकाळी मीटरवर चोवीस निघतात, कधी पंचवीस. चहाला हात लावायच्या आधी तो खाली उतरून आकडे बघून येतो.

मिस्त्री: रोज?

सून: रविवार सोडून. रविवारी गाडी निघत नाही.

मिस्त्री: आणि आकडे म्हणजे हे खालचे? किलोमीटरचे?

सासू: तेच. काटा काय आणि आकडे काय, एकाच डबीतले ना?

मिस्त्री: डबी एक, पण संसार वेगळे.

सून: मिस्त्री, तुम्ही आधी काटा नीट करा ना.

मिस्त्री: करतो हो ताई, मावशींना सांगू तर द्या. पुढच्या चाकाकडून एक केबल वर येते. ती फिरली की मीटरच्या आत लोहचुंबक गरगर फिरतं आणि काट्याला ओढतं. काट्याला मागे धरून ठेवते ती केसाएवढी एक स्प्रिंग. तुमची स्प्रिंग म्हातारी झाली, ढिली पडली, म्हणून काटा पुढे पळतो. आकड्यांचं तसं नाही. ते दात्यांवर चालतात. चाक फिरेल तेवढेच पडतात. दाता तुटला तर आकडे थांबतील, पुढे पळायचे नाहीत.

सासू: म्हणजे?

मिस्त्री: म्हणजे काटा खोटं बोलतोय आणि आकडे खरं. हमरस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड बघत गेलो मी. दगडाला आकडा जुळला.

सून: थोडाफार फरक पडत असेल ना. टायर झिजला की, किंवा हवा कमी असली की...

मिस्त्री: हवेनं अठराचे चोवीस होत असते तर, ताई, मी एवढ्यात... बरं. मी मीटर उघडून घेतो. आत टेबलावर उजेड चांगला आहे. तुम्ही बाकावर बसा. तो टायर सरकवा मावशी, कपड्यांना काळं लागेल.

(मिस्त्री मीटर काढून आत जातो.)

सासू: बस.

सून: मी उभी ठीक आहे.

सासू: बस म्हणते. मान वर करून बोलायला मला जमत नाही आता.

सून: आई, तो मिस्त्री काहीही सांगतो.

सासू: तो काहीही सांगत असता तर असा मध्येच गप्प झाला नसता. कोण आहे?

सून: कोणी नाही.

सासू: मी तुझी मैत्रीण नाही, मला ठाऊक आहे. पण वैरीणही नाही. एकदाच विचारते.

सून: खरंच कोणी नाही. आपल्या घराकडे वळायचं तिथे मी वळत नाही. सरळ जाते. पुलापर्यंत.

सासू: पुलावर कोण येतं?

सून: कोणी येत नाही. मी थांबते आणि परत फिरते.

सासू: सहा-सात किलोमीटर जास्तीचे, आणि काही नाही? अगं, खोटं तरी जरा नीट बोलावं. माहेरचं कोणी भेटतं म्हणालीस तरी मी मान डोलावीन.

सून: म्हणूनच मीटरवर ढकलत आले. कोणी भेटतं असं सांगितलं तर लोक रागावतात, पण विश्वास ठेवतात. काही नाही म्हटलं की कोणालाच पटत नाही. तुम्हालाही नाही पटलं.

सासू: सुरू कसं झालं हे?

सून: चुकून. त्या दिवशी दुकानात एका म्हाताऱ्यांना नवा चष्मा लावून दिला. त्यांनी समोरच्या इमारतीच्या पाट्या एकेक वाचायला घेतल्या, वरपासून खालपर्यंत. तेच डोक्यात होतं. वळण मागे गेलं आणि मी पुलावर. थांबले. वारा होता. खालून एक होडी गेली. कोणी विचारलं नाही कुठून आलीस, कुठे निघालीस. दुसऱ्या दिवशी चुकून नाही गेले.

सासू: उतरतेस?

सून: नाही. एक पाय टेकवते. हेल्मेटसुद्धा काढत नाही.

सासू: मग त्यात काय मिळतं?

सून: माहीत नाही, आई. पण ज्या दिवशी जात नाही, त्या दिवशी जिना चढताना पाय उचलत नाहीत.

सासू: त्याला सरळ सांगून का टाकत नाहीस? तो काही हात उगारणारा नाही. आवाजही चढवत नाही.

सून: नाहीच चढवत. नुसतं म्हणतो, आज जास्त दिसतायत. आणि मग बघत राहतो. मी जेवते तेव्हा, भांडी घासते तेव्हा. सांगितलं तर काय म्हणेल ठाऊक आहे? म्हणेल, एवढंच ना, मग मीही येतो. आणि येईल. मागे बसून येईल.

सासू: येईल खरा. अगदी प्रेमानं येईल.

सून: तेच तर.

सासू: वेळेचं काही विचारत नाही तो?

सून: दुकान कधी बंद होईल त्याचा नेम नाही, हे त्याला माहीत आहे. वेळेला धरता येत नाही म्हणून तर आकडे धरले.

सासू: माझ्या सासूबाईंना आकडे येत नव्हते. त्या दूध ठेवायच्या शेगडीवर. मी भाजीला निघाले रे निघाले की पातेलं चढायचं. म्हणायच्या, उतू जायच्या आत ये गं. मला पहिलं वर्षभर वाटायचं, विसरभोळ्या आहेत बिचाऱ्या, नेमकं मी निघतानाच यांना आठवतं. कोपऱ्यावर एक बाई शिवणयंत्र घेऊन बसायची. तिचे हात बघायला मी थांबायचे. शिवण अर्ध्यावर आली की मला घर दिसायचं, शेगडी दिसायची, आणि मी पळायचे. त्या बाईलाही माझी सवय झाली होती. एकदा म्हणाली, आज कॉलर बसवणार आहे, थांब जरा.

सून: थांबलात?

सासू: कॉलर कशी बसवतात ते मला अजून माहीत नाही. थांब, फोन वाजतोय. त्याचाच आहे. हं, बोल. हो, बघितलं त्यानं. हो रे, बिघाडच होता. आकडे? आकडेही जास्तच पडत होते. माझ्यासमोर म्हणाला की. हो, आता नाही पडायचे. अठराचे अठरा येतील. ती? ही काय, शेजारी बसलीय. देऊ? बरं, राहू दे. ठेव.

सून: आई.

सासू: आई-आई करू नकोस. झालं ते झालं.

सून: तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात.

सासू: मागचं पुसलं. रोज संध्याकाळी तो जिना उतरतो तेव्हा मीही त्याची पावलं मोजत बसते. त्या घरात मीही राहते.

सून: आणि उद्या? अठराचे अठरा म्हणालात. आता एकोणीस जरी निघाले तरी मीटरकडे बोट दाखवता यायचं नाही. म्हणजे पूल संपला.

सासू: मला तेवढंच सुचलं त्या घडीला.

सून: नाही, तुम्हाला बोलत नाहीये मी. नुसतं मोजतेय.

मिस्त्री: झालं बघा, मावशी. स्प्रिंगला किंचित पीळ दिला. आता चाळीसला चाळीस दाखवील. हे वर बसवलं, आणि ही केबल खाली चाकापाशी लावली की तुम्ही मोकळ्या.

सासू: ती केबल लावली नाही तर गाडी चालत नाही का?

मिस्त्री: चालते की. गाडीला काय त्याचं? काटा शून्यावर पडून राहतो आणि आकडे जिथल्या तिथे झोपतात.

सासू: आणि लावायला पाना लागतो?

मिस्त्री: छे. पान्यानं आवळला तर नटाचे आटे जातात. हातानंच फिरवायचा.

सासू: मग हिला दाखवा.

मिस्त्री: मावशी, मी आकड्यांना हात लावत नसतो. कोणी विचारत आलं तर...

सासू: कशाला कोणी येईल? गाडीची निगा दाखवताय तुम्ही.

मिस्त्री: या, ताई. वाका इकडे. हा नट. असा फिरवला की सुटते. केबल लोंबती सोडायची नाही, या पट्टीत खोचून टाकायची. उलटा फिरवला की बसली. करून बघा. हं. जमलं की. मी हात धुऊन येतो.

सून: वळणाच्या आधी थांबायचं, वाकायचं, सोडवायचं. येताना पुन्हा तिथेच थांबायचं आणि वाकून लावायचं.

सासू: हो. आणि हात पुसून मग जिना चढायचा. काळं लागतं त्याचं.

सून: रोज?

सासू: रोज नको. तू यायच्या आधी तो येऊन बसलेला असतो आणि मला काही ठाऊक नसल्यासारखं त्याच्यासमोर बसावं लागेल. रोज मला झेपायचं नाही.

सून: काटा शून्यावर असेल. मी किती वेगात चाललेय, ते कळणार कसं?

सासू: हळू जा. परत तर यायचंच आहे.