प्रार्थनेची उत्तरं

कुणीतरी आमच्या अबूनांशी, गावच्या पाद्र्यांशी, खोटं बोललं, काका, तेही घरच्या दारात — हे आधी ऐका, मग सही करा. पेन देते, पळून नाही जात मी. तुमच्या बायकोसाठीच ना तो कागद? घशात नळी घालायची, यंत्रावर ठेवायचं — तोच. मंगळवारी मलाही दिला होता. त्या काचेतून बघा, सहा नंबरची खाट — ते माझे बाबा, हन्ना नाव त्यांचं. हात पट्ट्यांनी बांधलेत, कारण शुद्धीवर आले की नळी ओढतात. नजर काय वळवता? मी दोन दिवस बघतेय. आमच्या गावच्या चर्चची घंटा चाळीस वर्षं त्यांनी वाजवली — लग्नाची, मयताची, सगळी. आख्खं गाव पोचवलंय त्यांनी.

फुफ्फुसं वाळत गेली त्यांची, चामड्यासारखी. इथल्या डॉक्टरांनी वसंतातच सांगितलं होतं, यंत्राने बरे होणार नाहीत, फक्त लांबेल. बाबा म्हणाले, "मग नको. घरी मरेन, माझ्या उशीवर." — आत्महत्या? नाही हो काका, तेच तर. सगळे हेच म्हणतात. माझा भाऊ फादी मॉन्ट्रियलहून फोनवर हेच ओरडतो. पण चर्च असं म्हणत नाही. मी शिकवते ना, दर शनिवारी, कॉलेजच्या मुलांना. फळ्यावर मधोमध रेघ मारते — एका बाजूला घोटभर पाणी, पुसलेलं अंग, दुखणं कमी करणारं औषध, हे कुणाचंही तोडायचं नाही. दुसऱ्या बाजूला असे उपचार, ज्यांचा जाच मोठा आणि उपयोग जवळजवळ नाही — ते नाकारता येतात, पाप नाही. जीव घेणं वेगळं, मरणाला येऊ देणं वेगळं. एका मुलीने विचारलं, "पण त्या क्षणी कळतं का, मिस?" मी म्हटलं, "रेघ समजली असेल तर कळतं." काय तोऱ्यात म्हटलं होतं.

आणि आमच्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. अबूना आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन दारात आले की रोग्याने समजायचं, संपलं. म्हणून लोक त्यांना बोलावतच नाहीत, जबडा बांधायची वेळ येईपर्यंत. बाबा यावर किती चिडायचे — "मेलेल्याच्या कपाळाला तेल चोळून काय उपयोग? उत्तरं कोण देणार?" चाळीस वर्षं अबूना प्रार्थनेची एक ओळ म्हणायचे आणि उत्तराची दुसरी बाबा म्हणायचे — प्रत्येक आजाऱ्याच्या खाटेशी, कारण आजारी स्वतः बोलण्यापलीकडे गेलेला. त्यामुळे त्यांची एकच इच्छा होती. तेल लागेल तेव्हा उत्तरं त्यांनी स्वतः द्यायची, जागेपणी, स्वतःच्या आवाजात. आणि मग अबूनांसमोर, आईसमोर, मोठ्याने सांगायचं की यंत्र नको — म्हणजे पुढे कुणी वाद घालायला नको. रविवारी म्हणाले, "लमया, मिखाएल अबूनांना बोलाव." आईने बोलावलं. सोमवारी सकाळी ते आले, कोटाच्या खिशात तेलाची कुपी. आणि दारातूनच परत गेले.

कुणी पाठवलं म्हणजे? — आई मळ्यात होती. फादी तर तिकडेच. — मी काय सांगत होते, बाबा झोपले नव्हते. पण अबूनांना सांगितलं गेलं, झोपलेत, उद्या या. पायरीवरच कॉफी दिली मी त्यांना. विचार करा काका, पाद्र्याला घरात न घेता पायरीवर कॉफी. मी आत गेले तर बाबा विचारतात, "कोण आलं होतं?" म्हटलं, सिलिंडरवाला. ते म्हणाले, "सिलिंडरवाल्याच्या कपड्यांना धुपाचा वास कधीपासून यायला लागला गं?" — हसले. मीही हसले.

मला फक्त एक दिवस हवा होता. तेल लागलं की ते जातील असं वाटलं मला. मला — जी फळ्यावर लिहिते की हे तेल आजाऱ्याचं आहे, मेलेल्याचं नाही. मंगळवारी पहाटे श्वास अडकला, ओठ निळे पडले. इथे आणलं, कागद पुढे आला, रेघबिघ काही दिसली नाही. सही दिसते ना त्या फाइलवर, वाचता येते, अक्षर चांगलं आहे माझं. पहिल्यांदा डोळे उघडले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड हलवायला गेले. नळीने आवाज कुठून येणार?

आज अकराला डॉक्टर विचारणार आहेत. म्हणाले, चालू करायला एक सही पुरली, थांबवायचं तर सगळं घर एका मताचं हवं. आई म्हणते, अबूना सांगतील तसं करू. अबूनांना फोन करायचं माझ्याकडे होतं. — नाही केला. दोन दिवस. ते विचारतील ना, सोमवारी खरंच झोपले होते का.

घ्या पेन. तुमची बायको बरी होण्यासारखी असेल, तर बिनधास्त सही करा, तो उपचारच आहे. पण ती काही बोलली होती का, तेवढं आठवा. — बोलली होती? मग माझ्याकडे काय बघताय, काका? जा, आत जाऊन तिच्याजवळ बसा. थांबा — नर्स हयाम येतेय. माझ्याचकडे येतेय.

"अबूना आलेत खाली, लमया, तुझ्या आईने आणलंय. आणि बाबांच्या पट्ट्या सोडल्यात मी. आता ते शुद्धीवर येत नाहीत, नळी ओढत नाहीत."