यादीबाहेरची गोलकीपर

मिल्का : काच खाली कर, वाइनो. तो माणूस केव्हाचा हात हलवतोय.

वाइनो : हलवू दे. मॅच सुरू व्हायला चार मिनिटं आहेत.

मिल्का : बाहेर बर्फात जिवंत माणूस उभा आहे आणि ह्याला मॅच! सरक, मीच उघडते. काय हो, रस्ता सुटला का?

मर्ल : सुटतोय कसला, बाई! पुढं पुलाच्या तोंडावर दोन मालट्रक आडवे झालेत. त्यात माझी बर्फ काढायची गाडी बसली, तेलाचा पाइप फुटला. ओढून काढणारी गाडी येईस्तोवर कुणी हलायचं नाही. दोन तास तरी धरा.

वाइनो : दोन तास! अजून सत्तर मैल जायचंय. मॅच संपेल तोवर.

मर्ल : मग रेडिओवर ऐका की. मी निघतो, तुमचीच गाडी शेवटची होती सांगायची.

मिल्का : निघता कुठं? ओठ बघा, निळे पडलेत. मागं बसा. ती पिशवी सरकवा जरा. आणि त्यातली पोतित्सा काढा, अक्रोडाची गोड पावरोटी आहे. पहाटे भाजलीय.

मर्ल : नको नको, कुणासाठी तरी नेत असाल...

मिल्का : जिच्यासाठी नेतेय ती सत्तर मैलांवर आहे. खा तुम्ही. नाव काय तुमचं?

मर्ल : मर्ल. हं... बाई, काय झालीय हो ही! मॅच कुठली म्हणालात?

मिल्का : आइस हॉकीची. आमची मुलगी खेळतेय. सिग्ने. सेंट पॉलच्या संघात, बायकांच्या पगारी लीगमध्ये. हॅलिफॅक्सविरुद्ध. गोलकीपर आहे.

वाइनो : राखीव गोलकीपर.

मिल्का : आज नाही. आज सकाळी साडेसहाला फोन आला. पहिली गोलकीपर काल सरावात गुडघा धरून बसली म्हणे. "आई, आज मी उभी राहतेय." एवढंच बोलली आणि फोन ठेवला. दोन वर्षं बाकावर बसलीय पोरगी. एक्केचाळीस मॅच! नुसतं शिरस्त्राण मांडीवर घेऊन.

मर्ल : आणि वय काय तिचं?

मिल्का : तेहतीस.

मर्ल : तेहतिसाव्या वर्षी पहिली मॅच?

वाइनो : गप्प बसा दोघंही. चकती टाकली, सुरू झाली मॅच.

मर्ल : माझ्याकडं वायरलेस आहे. पुढं अडकलेल्या बर्फाच्या गाड्यांवरची पोरं कंटाळलीत, त्यांना स्कोअर सांगू का?

मिल्का : सांगा, सांगा.

वाइनो : अरेरे! खांब सोडला! डावीकडं धावली आणि उजवा खांब उघडा टाकला. पहिलाच फटका आणि गोल!

मिल्का : तुला काय दिसलं? रेडिओत डोळे आहेत का तुझे?

वाइनो : मला दिसायची गरज नाही. घाबरली की ती डावीकडं जाते. सात वर्षांची होती तेव्हापासून.

मर्ल : हॅलो, मर्ल बोलतोय. हॅलिफॅक्स एक, आपण शून्य. हो, गोलकीपर कांगास, रेडिओवर तेच म्हणतायत. क, आ... थांबा, थांबा. कांगास? खाणीच्या गावचे कोच कांगास तुम्ही? अहो, माझ्या चुलतभावाच्या शाळेला तुम्ही आठ-शून्यनं धुतलं होतं! आजही तुमचं नाव काढलं की भाकरी गिळत नाही तो.

वाइनो : कुठल्या साली?

मर्ल : ते त्यालाच विचारा, तो विसरला नाही. काय कोच होता राव तुम्ही! तुमची पोरं सगळी कॉलेजात जायची.

वाइनो : सव्वीस गेली. त्यातली सहा पुढं पगारी झाली. दोघं सर्वांत मोठ्या लीगमध्ये.

मर्ल : आणि मुलगी सातवी! घरचाच कोच म्हटल्यावर काय, तुमच्याच हाताखाली तयार झाली असणार.

मिल्का : सांग की, वाइनो.

वाइनो : आवाज वाढव जरा. खेळ सगळा आपल्याच अर्ध्यात चाललाय.

मिल्का : मी सांगते मग. मर्ल, ही पोरगी घरामागच्या तळ्यावर ह्याचेच जुने पॅड बांधून उभी राहायची. ह्याचीच पोरं तिच्यावर चकत्या मारायची. पंधरा वर्षांची झाली, शाळेच्या संघाची निवड होती. मुलींचा संघ नव्हताच आमच्या गावात. गेली ती मुलांमध्ये. तीन दिवस चाचणी झाली. चौथ्या दिवशी ह्याच कोचनी व्यायामशाळेच्या दारावर यादी लावली. दोन गोलकीपर. एक डॅरल, दातांच्या डॉक्टरचा मुलगा. दुसरा कोण होता रे?

वाइनो : पेट्रिच.

मिल्का : पेट्रिच. सगळ्या पोरांच्या देखत तिनं ती यादी वाचली. वरून खाली, खालून वर. घरी येऊन जेवायला बसल्यावर काय बोलली माहितेय? "बटाटे इकडे द्या." बस्. त्यानंतर हॉकीबद्दल बापाशी एक शब्द नाही.

मर्ल : अरे देवा.

वाइनो : डॅरल उंच होता. सहा फूट दोन इंच. मी शंभर वेळा सांगितलंय.

मिल्का : शंभर वेळा. आणि मी त्या हिवाळ्यापासून तिला डुलुथला मुलींच्या संघात नेत होते. आठवड्यातून चार दिवस, जाऊन येऊन एकशे वीस मैल. मला तोवर महामार्गावर गाडी चालवायची भीती वाटायची. ती मागच्या सीटवर गृहपाठ करायची आणि मी देवाचं नाव घ्यायची.

वाइनो : हां! असं! असंच! जागेवरून हलली नाही बघ. चकती तिच्याकडं आली, ती चकतीकडं गेली नाही. मर्ल, किती अडवल्या?

मर्ल : मी मोजत नव्हतो, कोच.

वाइनो : चौदा. मी मोजतोय.

मर्ल : मग कॉलेजात?

मिल्का : कॉलेजनं फी माफ करून नेली. चार वर्षं तीच उभी राहिली गोलात. शेवटच्या वर्षी देशातल्या पहिल्या चार संघांत आणलं तिनं त्यांना. निरोपाच्या दिवशी मुलांच्या संघातल्या तिघांना पगारी संघांची बोलावणी आली होती. तिघं स्टेजवर नव्या टोप्या घालून उभे. आणि आमच्या पोरीला फुलं दिली. पिवळी गुलाबं. कारण तिला बोलवायला लीगच नव्हती.

मर्ल : मग काय केलं तिनं?

मिल्का : काय करणार? इस्पितळात एक्स-रे काढायला लागली. नऊ वर्षं लोकांची मोडलेली हाडं बघितली. आणि दर मंगळवारी संध्याकाळी गोदीतल्या कामगारांच्या संघात गोलात उभी राहायची. ढेरपोटे, दाढीवाले, चाळिशीचे बाप्ये! मी म्हटलं, "सिग्ने, पुरे आता. तिशी आली. कशासाठी करतेस?" म्हणाली, "आई, हात विसरू नयेत म्हणून." मग ही लीग निघाली आणि ती चाचणीला गेली. तिथल्या बाकीच्या मुली बावीस-तेवीसच्या. एकीनं तिला विचारलं, "तुम्ही नव्या ट्रेनर का?"

मर्ल : हाहा! आणि ह्या बाई निवडून आल्या?

मिल्का : आल्या! वाइनो, काय झालं? का उठतोस?

वाइनो : गोल! आपला गोल! एक-एक!

मर्ल : हॅलो, हॅलो! एक-एक! काय? बरं, सांगतो. बाई, पुढच्या गाडीवरचा गस विचारतोय, गोलकीपरची आई पोतित्सा कुठं विकते?

मिल्का : त्याला म्हणावं, जिंकलो तर फुकट.

वाइनो : दुसरं सत्र संपलं. सत्तावीस अडवल्या. मिल्का, सत्तावीस! आमच्या डॅरलनं कधी...

मिल्का : काय? पूर्ण कर वाक्य.

वाइनो : काही नाही. कॉफी दे.

मर्ल : कोच, तो डॅरल पुढं काय झाला?

वाइनो : दातांचा डॉक्टर.

मर्ल : हं.

वाइनो : हसू नका. चांगला डॉक्टर आहे. माझी कवळी त्यानंच बसवली.

मिल्का : तिसरं सत्र सुरू झालं. तुझ्या मिशांवर कॉफी सांडलीय, पूस ती.

वाइनो : खांब सोडू नकोस, पोरी. चेंगरल्यासारखं वाटेल, वाटू दे. त्यांना यायचंय, येऊ देत. तू खांबाला धरून राहा.

मर्ल : बाई, ते रेडिओशी बोलतायत.

मिल्का : बोलू द्या. अठरा वर्षं उशीर झालाय, पण बोलतोय तरी.

वाइनो : मारलं! मारलं आपण! दोन-एक! ती शेवटच्या फळीतली छोटी पोरगी, काय नाव तिचं, तिनं मारलं! मिल्का, दोन-एक!

मिल्का : माझा हात सोड, मोडशील. किती वेळ राहिला?

वाइनो : दीड मिनिट. आता फक्त अडवायचं. काय? नाही! पेनल्टी! आपली एक बाहेर. नाही, दोन बाहेर!

मर्ल : म्हणजे?

वाइनो : आपल्या दोघी शिक्षेच्या खोक्यात बसल्या. आणि हॅलिफॅक्सनं गोलकीपर काढून आणखी एक हल्लेखोर आत आणलाय. बर्फावर आपल्या तिघी, त्यांच्या सहा. शेवटचं सव्वा मिनिट.

मिल्का : आणि सिग्ने.

वाइनो : आणि सिग्ने. अडवली. पुन्हा मारली... अडवली! छातीवर घेतली. चकती पडलीय, उचला कुणीतरी, बाहेर फेका! पुन्हा त्यांच्याकडं. पास, पास, डावीकडं आली, आता ती उजवीकडं फिरवणार, खांब, सिग्ने, उजवा खांब! अरे! काय झालं? आवाज कुठं गेला?

मिल्का : वाऱ्यानं गेला. एरियल हलव.

वाइनो : ह्या रेडिओच्या! मर्ल, दार उघडा, काठी सरळ करा वरची!

मर्ल : धरलीय! येतंय का?

वाइनो : नुसती खरखर. थांबा... लोक ओरडतायत. ऐक, मिल्का, लोक ओरडतायत!

मिल्का : ओरडतायत म्हणजे गोल झाला की काय?

वाइनो : अगं, स्टेडियम आपलं आहे! गोल झाला असता तर सुतकी शांतता असती. हा ओरडा... अडवली! मिल्का, पोरीनं अडवली!

मर्ल : आला आवाज! काय म्हणतोय तो? शेवटच्या दोन सेकंदाला... उजव्या पायानं... खांबाला चिकटून! संपली मॅच! जिंकलो! हॅलो, गस, ऑलिव्हर, सगळेजण ऐका! दोन-एक! एक्केचाळीस अडवल्या! कांगास! अरे, तिचे आईबाप इथं माझ्यापुढं बसलेत!

(बाहेर, दूरवर थांबलेल्या गाड्यांचे भोंगे एकामागोमाग एक वाजू लागतात.)

मिल्का : हे काय वाजतंय?

मर्ल : बर्फाच्या गाड्या आहेत, बाई. आणि आता मालट्रकवालेही. तुमच्या मुलीसाठी.

मिल्का : ऐकतोयस ना रे? तुझ्या सव्वीस पोरांपैकी एकासाठी तरी वाजला होता का महामार्ग? वाइनो? डोळे पूस, मर्ल बघतोय.

वाइनो : बघू दे.

मर्ल : मी नाही बघत, कोच. मी खातोय.

वाइनो : मिल्का, डॅरल उंच होता, बाकी काही नव्हतं. तिसऱ्या दिवशीच मला कळलं होतं. तिनं माझ्या एकाही पोराला गोल करू दिला नव्हता. मी यादी दोनदा लिहिली. पहिलीत तिचं नाव वर होतं. मग मनात आलं, गाव काय म्हणेल? कोचनं पोरीला घुसवली. आणि पहिलीच मॅच हरलो असतो तर सगळे तिला फाडून खातील. मी तिला वाचवतोय असं स्वतःला सांगितलं. वाचवलं मी मला.

मिल्का : अठरा वर्षं लागली तुला एवढं बोलायला.

वाइनो : हो.

मिल्का : मग मला कशाला सांगतोस? फोन वाजतोय बघ तुझा.

वाइनो : माझा? ती तुलाच करते नेहमी.

मिल्का : माझा इथं आहे, मुका. घे.

वाइनो : हॅलो... हो, मीच. हो, आम्ही अडकलोय वाटेत, पाइन सिटीच्या अलीकडं. ऐकली. सगळी ऐकली... पहिला गोल? नाही, त्याबद्दल काही बोलणार नाही. बरं, बोलतो, खांब सोडलास तू... हो, हसतेस काय? शेवटची मात्र... शेवटची, सिग्ने, मी कुणाला तशी अडवताना पाहिलं नाही. म्हणजे ऐकलं नाही. माझ्या एकाही पोराला... थांब, मला बोलू दे. मधे बोलू नकोस, नाहीतर राहून जाईल. ती यादी. व्यायामशाळेच्या दारावरची. तू डॅरलपेक्षा चांगली होतीस. पेट्रिचपेक्षाही. मला माहीत होतं. माहीत असून मी तुझं नाव खोडलं. भ्यालो मी. एवढंच... हो. हो... बरं. ठेवतो.

मिल्का : काय म्हणाली?

मर्ल : मी बाहेर जाऊ का, बाई?

मिल्का : बसा हो. वाइनो, काय म्हणाली ती?

वाइनो : म्हणाली, "मलाही माहीत होतं, बाबा."

मिल्का : आणि?

वाइनो : आणि म्हणाली, रस्ता केव्हाही सुटू दे, पण या. ती जेवायची थांबलीय.