मंगळवारी फिट

इंग्लंडमधल्या हल बंदराजवळच्या दवाखान्यात माझ्या शेजारी क्रेनवाला विल्फ, त्याची बायको मॉरीन आणि निवृत्त शाळामास्तर ऑकल्टन बसले होते.

"डॉक्टरनं चिठ्ठीवर काय लिहिलं, मास्तर? 'मंगळवारी फिट'!" मॉरीन म्हणाली.

"म्हणजे विल्फ बरा झाला?"

"कसला बरा! मंगळवारी फिट आली होती त्याला. दातखीळ बसली, तोंडाला फेस!"

"अरे देवा! आणि त्याच्या गोदीतल्या साहेबानं वाचलं, मंगळवारपासून ठणठणीत."

"चढवला की लगेच क्रेनवर, साठ फूट वर! खाली उभी राहून बोंबलले, तेव्हा उतरवला."

"पण विल्फ, तू चढलास कशाला?"

"डॉक्टरच म्हणतो फिट, तर नाही म्हणणारा मी कोण?"

"ऐका! हे असं ध्यान!"

"शब्दच तसा आहे, मॉरीन. जुन्या इंग्रजीत फिट म्हणजे झुंज. झटक्याचा अर्थ बहुधा त्यातूनच आला. धडधाकट असण्याचा फिट कुठून आला, ते मात्र नक्की कुणालाच ठाऊक नाही."

"कुठून का येईना मेला! माझा नवरा वरून खाली आला असता ना!"

तेवढ्यात दार उघडून सिस्टर हसल्या.

"काय विल्फ, आज फिट ना?"

विल्फनं "हो" म्हणायला तोंड उघडलं. मॉरीननं त्यावर हात दाबला.