थकव्यावर शेळी

…आन् वरून म्हणतात काय, "थकवा आहे ना, मग चाला." तुम्हाला सांगतो, माणूस थकला की त्याला बसवतात, का आमच्या उस्मानपुऱ्यातून चालवतात? कॅन्सर झाला, केमो झाली, गाठ गेली, डॉक्टर खूश… पण अंगात जीव नाय. दात घासले की पडून राहायचं, असा थकवा. आन् फिजिओथेरपीवाल्या योगिनी मॅडम म्हणतात, "पडून राहिलात तर थकवा वाढतो. रोज थोडं चाला. पाण्याच्या बाटल्या धरून हात वर-खाली करा."

बाटल्या धरल्या, तर आई म्हणते, "ठेव खाली. नळाला आठवड्यानं पाणी येतं, आन् हा त्याला झोके देतोय." थकवा माझा, पण मत सगळ्यांचं.

मला तर लई घाई होती. औरंगपुऱ्यात अंगदशेठचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्या मजल्यावर. मी तिथं कारागीर. शेठ म्हणले, "जिना चढून ये, जागा तुझीच. नायतर महिनाअखेरीला दुसरा बघतो." नाव माझं हनुमान… आन् जिना चढंना.

मग चालायला निघालो. दारातच मल्हारीमामा, पाचोडहून भेटायला आलेले. आमचं सगळं खानदान शेळ्या-मेंढरावालं. मामा विचारतात, "कुठं निघाला?" म्हणलं, "कुठंच नाय. चालून परत येणार." मामांनी आईकडं असं बघितलं, जसं काय आजार डोक्यात चढलाय. "केसर, हा मोकळाच चाललाय गं. म्होरं एक जनावर नाय, आन् पोरगं नुसतं चालतंय… लोकं काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी मामा शेळी घेऊन हजर. "ही घे. आता चाल."

थकवा माझा, पण शेळी मामांची.

मॅडमनी सांगितलेलं, दम लागला की थांबा, जरा बसा. शेळीला कोण सांगणार? नव्या अपार्टमेंटच्या गेटवर शोभेची झाडं, ही त्यात तोंड घालणार, वॉचमन बोंबलणार, "अरे मियाँ, बकरी सँभालो," आन् मी पळणार. केमोनंतर पहिल्यांदा पळालो तो त्या वॉचमनमुळं. मॅडमना सांगितलं, तर त्या जरा विचार करून म्हणल्या, "शेळी चालेल. पळणं नको."

महिनाअखेरीला औरंगपुऱ्यात गेलो, शेळीसकट. तिनं जिना बघितला आन् सुटली वर… दोरी माझ्या हातात. शेठसमोर उभा राहिलो, तवा ध्यानात आलं, मधी मी कुठंच बसलो नाय. कायतरी चांगलं बोलणार, तेवढ्यात शेळीनं चार्जरची वायर चावायला घेतली. शेठ म्हणले, "जागा तुझी. हिला खाली ने."

आता शेळी चढती, उतरती नाय. पाय रोवून उभी. घेतली खांद्यावर आन् उतरलो… सगळं दुकान बघतंय.

तवापासून कामावर आहे. पण खाली माल आला की शेठ म्हणतात, "हनुमान, खोके आण." म्हणलं, "शेठ, थकवा." तर म्हणतात, "शेळी उचलली तवा कुठं होता?" थकवा माझा, पण हिशेब शेठचा.

मॅडमकडं तक्रार केली. त्या म्हणल्या, "छान. आता शेळीची गरज नाही, खोके पुरेत."

मामांना फोन लावला, "मामा, बरा झालो, शेळी घेऊन जा." मामा हळूच म्हणले, "गावाकडं चाऱ्याची काडी नाय रं… पाऊस पडंस्तोवर तेवढा पुरता बरा होऊ नको."