बोलण्याचा एरिया

आयसीयूबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या.

"डॉक्टर नक्की काय म्हणाले गं?"

"मेंदूतल्या बोलण्याच्या एरियाला धक्का पोचलाय. बाबा शुद्धीवर आलेत, पण बोलतील की नाही, ते आत्ताच सांगता येत नाही."

"एरिया म्हणे! जन्मभर इंग्रजी शिकवलं ह्यांनी, आणि हाच शब्द वाट्याला यावा?"

"त्यांचा लाडका शब्द. गणितात क्षेत्रफळ, सेल्समनचा ठरलेला भाग, गुंडाचा इलाखा. आणि मूळ लॅटिनमध्ये रिकामी जागा, धान्य मळायचं खळं."

"रिकामी नको म्हणूस बाई."

"बरं. आत गेलीस की रडत बसू नकोस. ह्या शब्दाबद्दल मुद्दाम काहीतरी चुकीचं सांग. चूक ऐकून बाबा कधी गप्प बसलेत?"

"माझ्या वडिलांनाही सोडलं नव्हतं, भर लग्नात!"

नर्सने एकट्या आईला आत सोडलं. दार अर्धवट उघडंच राहिलं.

"अहो, एरिया हा शब्द मूळचा मराठीच ना?"

मुलगी उठून दाराशी कान देऊन उभी राहिली.

"अहो, मी चूक सांगतेय. ऐकताय ना?"