अकरा थांब्यांवरचं घर

वडील : सही कुठे करायची ते कळलं गं. कशावर करायची तेही वाचू दे की.

मुलगी : बाबा, साधा फॉर्म आहे तो. परवा चर्चेला आलेल्या बाकी सातही जणांनी भरलाय. तुम्हीच तेवढे सही न करता उठून गेलात.

वडील : इतक्या बारीक अक्षरात साधं काही कुणी लिहीत नाही. जन्मभर लोकांना चष्मे बसवून दिले, एवढं तर कळतं मला. बस आधी. उभ्या घोड्यावर आल्यासारखं करू नकोस.

मुलगी : मला साडेपाचला परत ऑफिस गाठायचंय. उद्या क्लायंटसमोर सगळं मांडायचंय.

वडील : क्लायंट म्हणजे ती डोळ्यांवर चढवून घरबसल्या जग दाखवणाऱ्या हेडसेटची कंपनी.

मुलगी : हो. पुढच्या वर्षी बाजारात आणतायत. त्याआधी लोकांना काय हवंय, काय चालेल, काय खपणार नाही, ते आम्ही विचारून द्यायचं. तेच तर माझं काम.

वडील : विचारलं की, दीड तास विचारलं. आणि हातात काय दिलं, तर पोकळ डबा. आत यंत्र नाही, काचा नाहीत, नुसता पट्टा आणि खोकं. ते डोक्याला लावून सगळे भांडतायत, हे असं हवं आणि ते तसं हवं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

मुलगी : त्याला नमुना म्हणतात. वजनाचा, आकाराचा अंदाज यावा म्हणून.

वडील : वजनच तर चुकलंय त्यांचं. सगळा भार नाकाच्या हाडावर. अर्ध्या तासात वळ उठतील आणि माणूस डोकं धरून बसेल.

मुलगी : ते तुम्ही बोललात ना, तेव्हा काचेमागून तुम्हाला बघणारे कंपनीचे लोक सावरून बसले होते. मागच्या पट्ट्यात थोडं वजन घाला म्हणजे नाकावरचा भार कमी होईल, हे त्यांच्या डिझाइनवाल्याने लिहून घेतलं. मला विचारलं, हे गृहस्थ कोण?

वडील : मग काय सांगितलंस?

मुलगी : सांगितलं, आमच्या यादीतले आहेत. साठीच्या पुढचे.

वडील : खोटं नाही. साठीच्या पुढचा आहेच मी.

मुलगी : बाबा, त्या दिवशी माझी काय धावपळ झाली होती माहितीये ना? जे आजोबा यायचे होते ते अर्धा तास आधी नाही म्हणाले. कंपनीची माणसं येऊन बसलेली, आणि ज्येष्ठांची खुर्ची रिकामी. म्हणून तुम्हाला फोन केला.

वडील : केलास. आणि म्हणालीस, आत आल्यावर ओळख दाखवू नका. मी नाही दाखवली. दारात तू मला पाणी दिलंस, तर मी थँक यू मॅडमसुद्धा म्हणालो.

मुलगी : हो.

वडील : बरं जमलं ना मला?

मुलगी : बाबा, नका ना.

वडील : चेष्टा करतोय. माणसं मात्र चांगली होती हां ती. ती शाळेतली बाई म्हणाली, ते डोळ्यांवर चढवलं तरी घरातलं पोर गॅसजवळ गेलेलं मला दिसलं पाहिजे, नाहीतर तुमचं यंत्र तुम्हालाच लखलाभ. ती कॉलेजची मुलगी म्हणाली, केस बिघडता कामा नयेत आणि घोड्याला झापडं बांधल्यासारखं दिसता कामा नये. तो टेम्पोवाला म्हणाला, बॅटरी माझ्या पाळीभर टिकली तर बोला. सगळे आपापल्या गरजेचं बोलत होते. मग शेवटचा प्रश्न आला.

मुलगी : त्याच्याचसाठी आलेय मी. म्हणजे तुमच्या उत्तरासाठी. त्यांना ते फार आवडलंय, बाबा. जाहिरात त्यावरच करायची म्हणतायत. पण तुमची सही असल्याशिवाय ते वाक्य वापरता येत नाही.

वडील : हां. म्हणजे इतका वेळ ताकाला जाऊन भांडं लपवत होतीस. कुठलं गं वाक्य?

मुलगी : तुम्हाला माहितीये.

वडील : तुझ्या तोंडून ऐकतो.

मुलगी : त्या प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी विचारलं, हे घातल्यावर सगळ्यात आधी काय बघायला आवडेल. कुणी म्हणालं समुद्राचा तळ, कुणी म्हणालं मैदानात बसून सामना. तुम्ही म्हणालात, मुलीचं घर.

वडील : पुढे?

मुलगी : त्या म्हणाल्या, मुलगी परदेशी असते का? तुम्ही म्हणालात, नाही, इथेच असते. इथून बसचे अकरा थांबे.

वडील : आणि मग सगळे हसले.

मुलगी : नाही, खोलीत कुणीच नाही हसलं. उलट त्या शिक्षिकाबाई…

वडील : खोलीत नाही. काचेमागे.

मुलगी : काचेमागचं ऐकू येत नाही, बाबा.

वडील : त्या प्रश्न विचारणाऱ्या बाईंच्या कानात एक बोंडाएवढं यंत्र होतं ना, ज्यातून तुम्ही त्यांना आतून सूचना देता? त्यांचा कान ठणकत होता. काढून टेबलावर ठेवलं त्यांनी, नेमकं माझ्या हाताशी. आणि तुमच्याकडे कुणीतरी बोलायचं बटण दाबून तसंच ठेवलं असणार. बारीक आवाज होता, पण माझे कान अजून शाबूत आहेत. कुणीतरी म्हणालं, काखेत कळसा गावाला वळसा. आणि मग हा हशा.

मुलगी : तुम्हाला ते ऐकू आलं?

वडील : त्या हशात तूही होतीस.

मुलगी : हो.

वडील : हं.

मुलगी : सगळे हसले, बाबा. मी नसते हसले तर विचित्र दिसलं असतं. ते म्हणणारा कुणीतरी… कंपनीच्या माणसांपैकी होता. मी काय बोलणार?

वडील : असेल. मी म्हटलं आता उठावं. बस चुकेल असं सांगितलं आणि निघालो. राग नव्हता गं. लाज वाटली. म्हटलं, चार परक्या माणसांत आपण घरातलं कशाला बोलून बसलो? नाक आणि कान एवढंच बोलायला हवं होतं.

मुलगी : लाज तुम्हाला कशाला वाटायची?

वडील : वाटते. आपल्याच मुलीचं घर आपण पाहिलेलं नाही, हे काही मिरवण्यासारखं नाही. तू दोन वर्षं दर आठवड्याला येतेस, भाजी आणतेस, औषधं आणतेस. तुझ्याबद्दल तक्रार नाही. पण मी म्हटलं, येऊ का, की कधी रंग लागायचा असतो, कधी पडदे यायचे असतात, कधी जावई दौऱ्यावर. त्यांना विचारलं तर ते म्हणतात, ती म्हणेल तेव्हा या. म्हणून विचारतो, माझं काय चुकलं?

मुलगी : काही नाही चुकलं.

वडील : सामान हलवलंत त्या दिवशी मी आलो होतो. कपाट जिन्यावरून वर आणायला हात लावला. पायाला चिखल होता म्हणून आत नाही आलो, म्हटलं नंतर नीट कपडे करून येईन. तेव्हा काही बोलून गेलो का कुणाला?

मुलगी : जिन्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भेटले होते. आठवतंय?

वडील : न आठवायला काय? त्यांच्या चष्म्याची काडी लुळी पडली होती. माझ्या खिशात पेचकस असतोच. दोन मिनिटांत घट्ट करून दिली.

मुलगी : तुम्ही त्यांच्या डोळ्यांवरून चष्मा स्वतःच काढलात, बाबा. न विचारता. आणि शर्टाच्या टोकाने पुसून परत घातलात.

वडील : सवय ती. खूश झाले होते ते.

मुलगी : झाले होते. दुसऱ्या दिवशी दारात आले. हातात तीन चष्मे. म्हणाले, काल तुमच्या सामानाबरोबर तो चष्मेवाला आला होता ना, त्याच्याकडून एवढे करून आणाल का?

वडील : मग?

मुलगी : मी म्हणाले, हो, पाठवते त्याच्याकडे.

वडील : त्याच्याकडे.

मुलगी : तोंडातून निघून गेलं. नवी जागा, शेजारी सगळे मोठ्या हुद्द्यांवरचे, दारात त्यांची बायकोही उभी. तिथल्या तिथे म्हणता आलं असतं की ते माझे वडील आहेत. एक वाक्य होतं. तेवढंही मी म्हटलं नाही. मग दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी अवघड, महिन्याने तर त्याहून. तुम्ही घरी आलात की ते जिन्यात भेटणारच. तुम्ही त्यांची विचारपूस करणारच. म्हणून पडदे आणि रंग.

वडील : ते तीन चष्मे माझ्यापर्यंत आले नाहीत.

मुलगी : दुसऱ्या दुकानातून करून आणले.

वडील : दुसऱ्या दुकानातून?

मुलगी : तुमच्याकडे आणले असते तर तुम्ही विचारलं असतंत, कुणाचे म्हणून.

वडील : विचारलं असतं. आणि सगळं काम बाजूला ठेवून ते आधी केले असते. लेकीच्या शेजाऱ्यांचे म्हणून काचासुद्धा चकाचक करून दिल्या असत्या.

मुलगी : मला माहितीये. म्हणूनच मेल्याहून मेल्यासारखं होतं. बाबा, मला तुमची लाज वाटली. दुसरं काही नव्हतं. लोकांना सांगते की माझे वडील चष्म्याच्या व्यवसायात होते, जसं काही आपली शोरूम होती. स्टूल, दिवा, पेचकस यातलं काही सांगत नाही. त्याच स्टुलावर बसून तुम्ही मला शिकवलंत आणि मी…

वडील : पुरे. रडू नकोस. तो फॉर्म दे इकडे.

मुलगी : राहू दे तो.

वडील : राहू दे कसा? तुझी नोकरी आहे. उद्या उभं राहायचंय तुला. मी सगळा वाचलाय, सातवी ओळ सोडली तर हरकत घेण्यासारखं काही नाही. ती तेवढी तू वाचून दाखव. तू वाचलीस की मी करतो सही.

मुलगी : तुम्ही वाचलीये ना?

वडील : मला तुझ्याकडून ऐकायचीये. पेन उघडून बसलोय बघ.

मुलगी : मी असे जाहीर करतो की… बाबा, खरंच नको.

वडील : वाच.

मुलगी : मी असे जाहीर करतो की, या संस्थेत काम करणाऱ्या कोणत्याही व्यक्तीशी माझे… माझे…

वडील : कोणतेही नाते नाही. एवढीच तर आहे ओळ. माझी सही तयार आहे, ठकू. पण तुझ्याच्याने वाचवत नसेल, तर मी कशी करू ते सांग.

मुलगी : द्या तो कागद. माझा फोन कुठेय?

वडील : आता कुणाला फोन?

मुलगी : परवा माझ्याबरोबर काचेमागे जो बसला होता त्याला. अहवाल तोच लिहितोय. तुमच्यासमोर बोलते, स्पीकरवर. नाहीतर जिना उतरेपर्यंत माझा धीर सुटेल.

(फोन लागतो.)

सहकारी : बोला मॅडम. झाली सही आजोबांची? मी ते वाक्य पहिल्याच पानावर घेतलंय. मोठ्या अक्षरात.

मुलगी : काढून टाक.

सहकारी : काय काढू?

मुलगी : ते वाक्य. आणि त्यांची बाकीची उत्तरंही. वजनाचं, नाकाचं, सगळं. त्या दिवशी सात जणच आले असं लिही, आठवं माणूस नियमात बसत नव्हतं.

सहकारी : अहो, पण क्लायंटला तेच तर हवंय. नियमात कसे बसत नाहीत? कोण आहेत ते?

मुलगी : माझे वडील.

सहकारी : काय म्हणालात?

मुलगी : ऐकू आलं ना?

सहकारी : आलं. मॅडम, नात्यातलं माणूस बसवलं हे वर कळलं तर तुमच्यावर येईल.

मुलगी : येऊ दे. उद्या मी स्वतःच सांगणार आहे.

सहकारी : ते ठीक. पण मला एक कळत नाहीये. रागावू नका. ते मुलीच्या घराचं बोलले, तेव्हा काखेत कळसा गावाला वळसा असं तुम्हीच तर म्हणालात. सगळे त्यावरच हसले.

वडील : ठकू, बंद कर तो फोन. झालं तेवढं पुरे.

मुलगी : नको, थांबा. हो, मीच म्हणाले. कंपनीचं कुणी नव्हतं. बटणही माझ्याच हाताखाली होतं. बाबा, मघाशी मी तुमच्याशी परत खोटं बोलले.

सहकारी : ते तिथेच आहेत? मॅडम, मला माहीत नव्हतं. माफ करा. मी… मी काढतो ते पान. ठेवतो.

मुलगी : तुम्हाला माहीत होतं. आवाज ओळखला होतात तुम्ही.

वडील : तुझा आवाज मी ओळखणार नाही होय?

मुलगी : मग मघाशी नुसतं असेल म्हणून विषय सोडून का दिलात?

वडील : तू आधीच इतकी खाली मान घालून बसली होतीस. आणखी किती वाकवायची?

मुलगी : आता तुम्हाला कुठल्या तोंडाने घरी या म्हणू?

वडील : तू म्हणू नकोस. मीच येतो, रविवारी सकाळी. तेव्हा शेजारीपाजारी सगळे घरी असतात.